व्याह्यांची दौड

इंदूर, ९ ऑगस्ट १९९६

माननीय व्याही दत्तोपंत चांदोरकर यांना चिंतामण पागे याचा सप्रेम नमस्कार.

पूर्णिमाला तुमच्या घरी पाठवून तीन महिने होत आले आणि मी अजून साधं कुशल विचारणारं पत्रही लिहिलं नाही, म्हणून सौ. सरला रोज बोलते. मुलीच्या सासऱ्यांना लिहायचं तर काही विषय हवा, असं मी तिला सांगत आलो. खरं तर विषय लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे आहे. लिहायला संकोच वाटत होता, एवढंच.

तुम्हांला आठवत असेल. वऱ्हाड झोपलेलं होतं, उजाडत होतं. मी रोजच्यासारखा लालबागच्या रस्त्याने पळत होतो आणि समोरून बनियन, खाकी अर्धी चड्डी आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेले एक गृहस्थ पळत येताना दिसले. जवळ आल्यावर पाहतो तर आदल्या दिवशी व्याहीभेटीत ज्यांना मिठी मारली तेच तुम्ही! आपण दोघेही इतके ओशाळलो की नमस्कार करायचाही राहिला, आणि दोघे दोन दिशांना पळत निघून गेलो. नंतर दिवसभर त्याबद्दल ना तुम्ही बोललात, ना मी.

आता बोलतो. आमच्या मिलमध्ये दर जानेवारीत चाळिशी ओलांडलेल्यांची एक दौड असते. मिलच्या फाटकापासून राजवाड्यावरून लालबाग आणि परत फाटकाशी. बक्षीस वगैरे काही नाही. शेवटी सगळ्यांना पोहे-जलेबी. आमच्या रंगाई खात्याचे जयसिंगराव ती भरवतात. पाहुण्यांनाही भाग घेता येतो. तुम्ही यावं अशी इच्छा आहे. माझी मराठी हिंदीत भिजलेली आहे, तेवढं सांभाळून घ्या. इंदूरमध्ये जन्मलेल्या माणसाचं असंच होतं.

विहीणबाई रमाताईंना नमस्कार.

आपला,
चिंतामण पागे

* * *

बडोदे, २ सप्टेंबर १९९६

प्रिय चिंतामणराव,

तुमचं पत्र वाचून मी इतका मोठ्याने हसलो की सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबांनी मला कधी सांगितलं नाही, तुम्ही भेटला होता म्हणून!" आता सांगितलं.

माझं ऐका. सगळी नोकरी मी मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात काढली. इंजिन पुढे, गाडी पुढे, सगळं जग पुढे, आणि मी हिरवा झेंडा घेऊन मागे. रिटायर झालो त्या आठवड्यात बूट घेतले आणि ठरवलं, आता कोणाच्या तरी पुढे पळायचं. बडोद्यात रोज सकाळी कमाटीबागेत आमची मंडळी जमते. त्यांच्यातले बरेच नुसते बोलायला येतात. मी पळतो.

तेव्हा निमंत्रण स्वीकारलं. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो. मी तुमच्या घरी मुलाचा बाप म्हणून येणार नाही. मला मागे पळून मान देऊ नका. तसं केलंत आणि माझ्या लक्षात आलं, तर पोह्यांना हात लावणार नाही.

तुमचा,
दत्तोपंत

ता. क. वेग किती, हे विचारणार नाही. तुम्हीही विचारू नका.

* * *

इंदूर, ३ नोव्हेंबर १९९६

प्रिय दत्तोपंत,

मागे पळून मान द्यायचा विचार मनात आला होता. तुमच्या पत्राने तो गेला.

तयारी जोरात आहे. पहाटे आम्ही मिलच्या फाटकाशी जमतो. मी विणाईचा, जयसिंगराव रंगाईचे, आणखी दोघे-चौघे कताईचे. पहिला भोंगा व्हायच्या आत परत यायचं, असा आमचा नियम. भोंग्यानंतर जो पोचेल त्याने चहा पाजायचा. जयसिंगरावांचे आजोबा होळकरांच्या घोडदळात होते, म्हणून ते स्वतःला जन्मतःच दौडीचे जाणकार समजतात. "पागे भिया, एड़ी मत पटको," असं मला रोज ऐकवतात; भिया म्हणजे आमचा इंदुरी भैया. मी टाच आपटतो, ते खरं आहे. पोटरी आखडते. सरला तिळाचं तेल चोळून देते आणि चोळताना बोलतेही. दोन्ही सोसतो.

दौड बारा जानेवारीला, रविवारी. दोन दिवस आधीच या. पूर्णिमा आणि जावईबापू मानस येणार असतील तर उत्तमच.

तुमचा,
चिंतामण

* * *

इंदूर, ४ जानेवारी १९९७

प्रिय दत्तोपंत,

सप्रेम नमस्कार. व्यवस्थेतल्या काही अडचणींमुळे यंदाची दौड पुढे ढकलली आहे. नवी तारीख ठरली की कळवीन. तिकीट काढलं असेल तर रद्द करावं. तसदीबद्दल क्षमस्व.

पूर्णिमाला आशीर्वाद.

चिंतामण पागे

* * *

बडोदे, २० जानेवारी १९९७

प्रिय चिंतामणराव,

तुमचं चार ओळींचं पत्र मिळालं. आमच्या रेल्वेच्या हेडक्लार्कनेही यापेक्षा मोठी पत्रं लिहिली आहेत.

मी इथे थंडीत पळून पळून वाळलो, आणि तुम्ही म्हणता दौड पुढे ढकलली! कमाटीबागेतल्या मंडळींना मी सांगून बसलो होतो की इंदूरला व्याह्यांना हरवून येतो. आता ते म्हणतात, "दत्तोपंत, व्याही घाबरले." मी तुमची बाजू घेतली, पण मलाही शंका येते बरं का. पोटरीने माघार घेतली, की मालकांनी?

थट्टा करतो आहे. पण तारीख लवकर कळवा. कळवली नाहीत, तर तुम्ही हरलात असं मी जाहीर करीन.

तुमचा,
दत्तोपंत

* * *

बडोदे, १४ एप्रिल १९९७

ती. बाबांना पूर्णिमाचा शि. सा. नमस्कार.

बाबा, हे पत्र आईला न दाखवता वाचा, असं लिहिणार होते. पण तुमच्या हातातून ती काढून घेईलच, म्हणून दोघांनाच लिहिते.

आईने मला दिवाळीनंतर शेजारच्या फोनवरून सांगितलं की मिलला कुलूप लागलं. इथे कोणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. मी नाही सांगितलं. मानसलासुद्धा नाही. पण बाबा, आता मला ते जमत नाही.

माझ्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या जानेवारीच्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. तेव्हापासून ते रोज पोस्टमनची वाट बघतात. आधी म्हणायचे, "तुझे वडील कामात असतील." मग म्हणायला लागले, "माझी थट्टा त्यांना लागली." परवा माझ्या सासूबाईंना म्हणाले, "मी मुलाचा बाप, मी असं लिहायला नको होतं. त्यांना वाटलं असेल मी त्यांना हिणवतो आहे." सासूबाई म्हणाल्या, मग माफीचं लिहा. अण्णांनी लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. ती चिटोरी मीच केरात भरली.

आणखी एक सांगते. अण्णा लंगडतात. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल खाली टाकलं की भिंत धरतात. टाचेत खिळा ठोकल्यासारखं होतं म्हणे. डॉक्टरांनी काही महिने पळू नका म्हणून सांगितलंय. तरी सगळे उठायच्या आत बूट घालून निघतात, आणि आल्यावर माझ्याकडून फ्रिजमधली पाण्याची बाटली मागून घेऊन पायाखाली फिरवत बसतात. विचारलं तर म्हणाले, "तारीख कधीही येईल. तुझ्या वडिलांसमोर मी लंगडत जाणार नाही."

तुम्ही तिकडे लपवता, ते इकडे लपवतात, आणि दोघांचं माहीत असलेली मी मधे. मिल बंद झाली यात तुमचा काय दोष आहे बाबा? मला या घरात कोणी त्यावरून एक शब्द बोलणार नाही. बोललं तर मी आहे ना उत्तर द्यायला. तुमचीच मुलगी आहे.

तुम्हीच लिहा त्यांना. मी सांगितलं तर ती बातमी होईल. तुम्ही सांगितलंत तर गोष्ट वेगळी.

तुमची,
पूर्णिमा

* * *

इंदूर, २३ एप्रिल १९९७

प्रिय दत्तोपंत,

तुमची थट्टा मला लागली, हे खरं आहे. पण त्यात दोष तुमचा नाही. तुम्ही जिथे बोट ठेवलंत तिथे आधीच जखम होती, ती तुम्हांला दिसत नव्हती. मीच दाखवली नव्हती.

आमची मिल बंद आहे. नोव्हेंबरात, तुम्हांला ते उत्साहाचं पत्र लिहिलं त्यानंतर थोड्याच दिवसांत, आम्ही पहाटे पळून परत आलो आणि भोंगा झाला नाही. आम्ही फाटकाशी उभे राहिलो. जयसिंगराव म्हणाले, "आज तो चाय किसी को नहीं पिलानी पड़ेगी." आम्ही हसलो. मग आतून चौकीदार आला आणि त्याने फाटकावर नोटीस लावली. पळालेल्या घामाच्या कपड्यांत आम्ही ती वाचली. कोणी रडलं वगैरे नाही. बराच वेळ कोणी घरी गेलं नाही, एवढंच.

माझे वडील याच मिलमध्ये टाइमकीपर होते. मी विणाईत जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम झालो, मग सुपरवायझर. लग्नाच्या पत्रिकेत मी माझ्या नावाखाली मिलचं नाव छापलं होतं. मुलगी तुमच्या घरात नवी, आणि सहा महिन्यांत बापाने कळवायचं की पत्रिकेतली ती ओळ आता पुसा? माझ्याने ते झालं नाही.

तुमचं पत्र वाचून मी दुसऱ्या दिवशी एकटाच पळायला गेलो. रागात होतो. तुमच्यावर नाही, सगळ्यावरच. कृष्णपुऱ्याच्या पुलावर चढ आहे, तिथे मी अजूनच वेग वाढवला. एकदम पोटरीत कोणीतरी मागून दगड मारल्यासारखं झालं. वळून पाहिलं, मागे कोणी नाही. मग पाय टेकेना. एका दूधवाल्या भियाने सायकलवर डबल सीट घरी आणलं. तुकोगंजच्या डॉक्टरीणबाईंनी पाहिलं, म्हणाल्या स्नायू फाटलाय. त्यांनी पुढे विचारलं, "या वयात इतकं जोरात कोणासाठी पळत होतात?"

आता बरं आहे. काठी सुटली. पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करतो, त्यांनी सांगितलंय तसं. नोकरीचंही सांगतो, म्हणजे काही उरायला नको. सांवेर रोडला सोयाबीनचा नवा कारखाना निघालाय, तिथे स्टोअर सांभाळतो. सायकलने जातो. काम स्वच्छ आहे, लोक तरुण आहेत, मला 'अंकल' म्हणतात. मागांचा आवाज नाही, त्यामुळे पहिले काही दिवस मी सगळ्यांशी ओरडूनच बोलत होतो.

तेव्हा माघार पोटरीनेही घेतली नाही आणि मालकानेही नाही. दौड भरवणारेच विखुरले. आता तुम्हांला सगळं माहीत आहे. तुमच्या टाचेबद्दल मला काही माहीत नाही, असं समजून चालतो. पण उंबरठ्यावर उभं राहून पोटरी ताणायचा व्यायाम टाचेलाही चालतो म्हणे.

तुमचा,
चिंतामण

* * *

बडोदे, १ मे १९९७

चिंतामणराव,

पत्र पूर्णिमासमोर वाचलं, मग मानससमोर, मग रमासमोर मोठ्याने. तिघांनाही ऐकायला लावलं. कारण सांगतो.

पळून आल्यावर घामाच्या कपड्यांत नोटीस वाचणारा माणूस, आणि तरीही त्यानंतर पळायला निघालेला माणूस, या घराचा व्याही आहे. हे माझ्या मुलाने नीट ऐकून ठेवावं असं मला वाटलं. पत्रिकेतली ओळ पुसायची नाही. मी ती पत्रिका काढून पाहिली. छान छापलेली आहे.

रमा म्हणाली, "आपण लग्नात त्यांच्या घरी किती ऐटीत बसलो होतो, आणि हे एवढे महिने ते एकटे सोसत होते." मग ती पानावरून उठली. मलाही जेवण गेलं नाही.

टाचेबद्दल तुम्हांला माहीत नाहीच. पण समजा असतं, तर सांगितलं असतं की उंबरठ्याचा व्यायाम सुरू केला आहे आणि पळणं बंद केलं आहे. सूनबाईने बूट कपाटात ठेवून किल्ली पदराला बांधली आहे. तुमचीच मुलगी.

मी तुम्हांला पुन्हा आव्हान देतो. पुढल्या जानेवारीत. दोघे लंगडे आहोत, म्हणजे सामना बरोबरीचा होईल. दौड कोण भरवतो ते मला माहीत नाही. तुम्ही भरवा.

दत्तोपंत

* * *

इंदूर, १९ ऑक्टोबर १९९७

प्रिय दत्तोपंत,

तुम्ही 'तुम्ही भरवा' असं लिहिलंत, ते वाचायला दोन शब्द आहेत. माझा अख्खा उन्हाळा त्यात गेला.

आधी जयसिंगरावांकडे गेलो. ते गीताभवनाजवळ भावाच्या दुकानात बसतात. म्हणाले, "मिल नहीं तो मिल की दौड़ कैसी, पागे भिया? कोई हँसेगा." मी म्हटलं, हसू दे. ते म्हणाले, "तुमचं ठीक आहे, तुम्हांला काम लागलं. अर्धे लोक अजून घरी आहेत. त्यांना पळायला लावून काय सांगायचंय?" परत येऊन मी सरलाला विचारलं, याला काय उत्तर देऊ? सरला म्हणाली, "उत्तर तुम्ही का देताय? त्यांनाच विचारा ना, जे घरी आहेत." मग मी सायकलवर चाळीचाळींतून फिरलो. कताईचा एक जण दार उघडून मला बघत राहिला, आणि मी विचारायच्या आधीच म्हणाला, "दौड है क्या इस बार?" दत्तोपंत, तो सकाळी एकटाच पळत होता. तसे पुष्कळ निघाले. कोणी नदीकाठाने, कोणी रेल्वेलाइनच्या कडेने. एकमेकांना ठाऊक नसताना सगळे पळत होते. त्यातल्या एकाला मी जयसिंगरावांच्या दुकानात घेऊन गेलो. बाकी काही बोलावं लागलं नाही.

मग दुसरी गंमत झाली. तुकोगंजात परदेशी कंपनीच्या बुटांचं मोठं दुकान उघडलंय, काचेचं. तिथल्या तरुण मालकाला आमच्या दौडीचं कळलं. तो म्हणाला, सगळ्यांना बूट देतो, बॅनर लावतो, माइक देतो. फक्त मिलचं नाव काढा. "बंद चीज़ का नाम अच्छा नहीं लगता, अंकल." वाईट मुलगा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

आम्ही बसलो. जयसिंगराव म्हणाले, बूट घ्या, लोक फाटक्या कॅनव्हासमध्ये पळतात, उद्या कोणाची टाच-पोटरी गेली तर? त्यांचं चूक नव्हतं. मी माझी पोटरी दाखवून सांगितलं की पोटरी गेली की काय होतं ते मला ठाऊक आहे. पण नाव काढलं तर मग आपण त्या दुकानासाठी पळणार, आणि त्या दुकानात आपल्यातलं कोणी काम केलेलं नाही. शेवटी हात वर करून मत घेतलं. नाव राहिलं, बूट गेले. त्या रात्री मला झोप नीट लागली नाही. एक-दोघे अनवाणी पळतात, ते डोळ्यांसमोर येत होते. मी बरोबर केलं की माझ्या तोऱ्यासाठी केलं, हे अजूनही सांगता येत नाही.

अकरा जानेवारी, रविवार. पोटरी चांगली आहे. मी आता टाच आपटत नाही.

चिंतामण

* * *

बडोदे, ६ नोव्हेंबर १९९७

चिंतामणराव,

बरोबर केलंत. ज्याला बूट हवेत तो उद्या घेईल. नाव एकदा दिलं की परत मागायला तोंड राहत नाही.

तिकीट काढलं. सूनबाईने किल्ली दिली. ती आणि मानस येऊ शकत नाहीत. डॉक्टरांनी तिला या दिवसांत प्रवास नको म्हटलंय. होय, वाचलंत ते बरोबर वाचलंत. पहिल्यांदा तुम्हांला मीच सांगायचं असं सूनबाईने आणि मी ठरवलं. आता आपल्याला दोघांनाही आणखी काही वर्षं धडधाकट राहायला लागेल. सरलाताईंना पेढे.

पण अकरा तारखेला दयामाया नाही.

दत्तोपंत

* * *

इंदूर, १२ जानेवारी १९९८

चि. पूर्णिमा आणि चि. मानस यांस अनेक आशीर्वाद.

मी सरलाताईंच्या ओसरीवर बसलो आहे. पाय गरम पाण्याच्या बादलीत आहेत. तुझे वडील शेजारी बसून पेपर वाचायचं नाटक करताहेत. मी काय लिहितो तिकडे लक्ष आहे. म्हणून सगळं खरं लिहावं लागणार.

काल उजाडताना आम्ही मिलच्या फाटकाशी पोचलो. मी मिल पहिल्यांदाच पाहिली. आत धुराडं उभं आहे, अंगणात गवत कंबरेएवढं. फाटकाला साखळी. कोणीतरी रात्री येऊन कुलपाला झेंडूची माळ घालून गेलं होतं. जयसिंगराव आले, त्यांनी माळ पाहिली आणि काढून खिशात घातली. म्हणाले, "माला तो मरे हुए को चढ़ाते हैं." मग शिट्टी तोंडात घेऊन सगळ्यांना ओळीत उभं केलं.

मला वाटलं होतं दहा-पंधरा जण असतील. रस्ता भरला होता. बायका, मुलं, म्हाताऱ्या, सगळी चाळ रस्त्यावर. धावणाऱ्यांत कोणी धोतराचा काचा मारलेला, कोणी मुलाची शाळेची हाफपँट घातलेली. अनवाणीही होते. तुझ्या वडिलांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यातल्या एकाने ते बघितलं असावं. तो जवळ येऊन म्हणाला, "भिया, मैं तो हमेशा ऐसे ही दौड़ता हूँ," आणि हसला.

आता शर्यत. लालबागपर्यंत मी पुढे होतो. हे नमूद करून ठेव. राजवाड्यापाशी पोहेवाल्यांनी कढया सोडून टाळ्या वाजवल्या. तुझे वडील माझ्या मागे होते, आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. लालबागच्या फाटकाला हात लावून वळलो आणि परत निघालो, तेव्हा टाच बोलायला लागली. खिळा नव्हे, खुंटी. कृष्णपुऱ्याच्या पुलाच्या चढावर ते माझ्या बरोबरीला आले. त्याच चढावर त्यांची पोटरी गेली होती, ते मला माहीत होतं, म्हणून मी त्यांच्या पायाकडे पाहिलं. पाऊल हलकं पडत होतं. माझं मात्र फरफटत होतं. त्यांनी विचारलं, "थांबू का?"

मी म्हटलं, "थांबलात तर सोयरीक मोडली!"

ते गेले. पूर्णिमा, एवढ्या वर्षांत मी पुष्कळ गाड्या पुढे जाताना पाहिल्या आहेत. पण पांढरे केस आणि घामाने भिजलेलं बनियन घेऊन तुझे वडील त्या चढावरून ज्या तऱ्हेने वर गेले, तसं काही पाहिलं नव्हतं. ते पळत नव्हते, घरी जात होते. मी मनापासून हरलो. पूर्ण जोर लावून हरलो, आणि हे मी सही करून लिहून देतो.

फाटकाशी मी फार उशिरा पोचलो. थोडा पळत, थोडा चालत. बहुतेक सगळे पोचले होते, पण एकही माणूस घरी गेला नव्हता. जयसिंगराव एका स्टुलावर उभे होते. जो येईल त्याचं नाव आणि खातं ते पूर्ण आवाजात पुकारायचे. माइक नव्हता. "कताई खाता!" "रंगाई खाता!" "बॉयलर!" आणि प्रत्येक खात्याचे लोक आपल्या माणसासाठी ओरडायचे. कोणाच्याही नावामागे 'माजी' लावलेलं मी ऐकलं नाही.

मी रेषेवर आलो. जयसिंगराव म्हणाले, "दत्तोपंत चांदोरकर..." आणि अडले. पुढे काय म्हणणार? माझं खातं नव्हतं. पाहुणा म्हणतील, रेल्वेवाले म्हणतील, असं मला वाटलं आणि उगीच ओशाळलो.

तुझे वडील जमिनीवर बारदानावर बसले होते, एक बूट काढलेला, पोटरी दाबत. तिथूनच ते ओरडले. मागांच्या आवाजावर ओरडायची सवय असलेला माणूस कसा ओरडतो ते मी काल ऐकलं.

"बुनाई खाता, भिया! बोलो, बुनाई खाता!"

जयसिंगरावांनी पुकारलं. आणि विणाईचे, तुझ्या वडिलांच्या खात्याचे सगळे लोक, ज्यांना मी कधी पाहिलं नाही, ज्यांनी मला कधी पाहिलं नाही, ते माझ्या नावाने ओरडले. मला उचललं, पाणी पाजलं, आपल्यात बसवलं. मी निरोपसमारंभात शाल घेतली आहे, भाषणं ऐकली आहेत. पण असं काही झालं नव्हतं.

टाच सुजली आहे. सरलाताई रागावल्या आहेत. दोन दिवसांनी निघतो.

तुमच्या बाळाला पुढे कोणी विचारलं, तुझे दोन्ही आजोबा काय करतात, तर त्याला नीट सांगायला शिकव. म्हणावं, बुनाई खात्यात आहेत. दोघेही.

तुमचा,
अण्णा